मागं न जाणारी मोटार

माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, तेव्हा आमच्या यांनी राहायला मोटार घेतली. हौसेनं मोटार घेणारे बडे लोक आम्ही पाहिले होते, पण संसार थाटायला मोटार घेतलेला माणूस धाराशिवात तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

हे शिंपी होते. मशीन बैलगाडीत टाकून आठवड्याचे बाजार करायचे. बाजारात बसून पोलकी, सदरे, लेकरांच्या कुंच्या शिवायचे आणि गाडीच्या धक्क्यांनी अंग दुखवून घरी यायचे. काजं-बटणं मी करून द्यायची. घरात तिसऱ्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मुरुमकडच्या, कानडी-मराठी दोन्ही सारखंच बोलणाऱ्या. आमची भाड्याची खोली मालकाला त्याच्या लेकाच्या लग्नासाठी हवी झाली. हे दुसरी खोली शोधतो म्हणून बाहेर पडले आणि सोलापुरात मोटार ठरवून परत आले.

"घर आन् दुकान एकच होईल," हे जेवताना म्हणाले. "जिथं बाजार तिथं आपुन."

आत्याबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "चूल कुठं मांडू?"

"मोटारीला भट्टी हाय, अव्वा."

ते खोटं नव्हतं. लढाईचे दिवस होते. पेट्रोल सहजी मिळत नसे, म्हणून सर्व्हिसच्या, म्हणजे गावोगाव उतारू नेणाऱ्या, कितीतरी मोटारी कोळशाच्या वायूवर चालत. मागल्या अंगाला माणसाच्या उंचीचा लोखंडी पिंप बसवलेला. त्यात कोळसा पेटवायचा, हातपंखा फिरवून तो फुलवायचा आणि वायू धरला की पुढून हँडल मारायचं. आम्ही घेतली ती अशीच एक जुनी सर्व्हिस मोटार. हे लग्नाआधी काही महिने तसल्याच मोटारीवर क्लीनर होते. चालवायला तिथंच शिकले होते, पण इंजिनाला हात लावायची वेळ आली की ड्रायव्हर यांना पाणी आणायला पाठवायचा.

मोटार आणायला आम्ही तिघंही, खोली रिकामी करून सगळ्या सामानानिशी, सोलापूरला गेलो. दलालानं ती रस्त्याकडं तोंड करून, पेटवून तयारच ठेवली होती. वरून ताजा निळा रंग, आत खाली नवाकोरा पत्रा, एका कडेला लांब बाक. यांनी बॉनेटवर कान ठेवला आणि मला खूण करून बोलावलं. आतून मऊ, दबका आवाज येत होता.

"आपल्या मशीनपेक्षा गोड चालतीय," हे म्हणाले. मलाही तसंच वाटलं. सपाट मैदानात दोन गोल चकरा झाल्या. आत्याबाईंनी पत्र्यावर बोटं वाजवून पाहिली आणि दलालाला विचारलं, "ह्याच्या खाली काय हाय?"

"लोखंड हाय, माय," तो म्हणाला.

मशीन, कोळशाची इस्त्री, भांडी, गोधड्या चढवून आम्ही निघालो. पहिली गडबड झाली ती करोडगिरीच्या नाक्यावर. तिथून निजामाची हद्द सुरू व्हायची आणि मालावर जकात लागायची. हे घाईत आडव्या बांबूच्या अगदी जवळ जाऊन थांबले. शिपाई बाहेर आला.

"गाडी पीछे लो," तो म्हणाला.

यांनी दांडा मागच्या गिअरला ओढला. मोटार घुरघुरली आणि जागच्या जागी उभी राहिली. पुन्हा ओढला, पुन्हा तेच.

"पीछे लो बोला ना."

"साहेब, ती मागं येत न्हाई."

"न्हाई येत मतलब?" शिपायाला वाटलं, हा सरकारी हुकूम मोडतोय. तो तावातावानं अधिकाऱ्याला घेऊन आला. अधिकारी वयस्कर, शांत माणूस होता. त्यानं आत डोकावून पाहिलं. आत्याबाई बाकावर मांडी घालून कांदे चिरत होत्या. मशीनवर अर्धं शिवलेलं पोलकं होतं, दोरीवर माझं लुगडं वाळत होतं.

"ये मकान है या दुकान?" त्यानं विचारलं. दुकान असतं तर कापडावर जकात बसली असती.

"मकान हाय," आत्याबाई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

तो खळखळून हसला. चहा त्यानं घेतला नाही, पण मागं खोळंबलेल्या गाडीवानांना हाक मारून त्यानंच आमची मोटार मागं ढकलून घेतली. बांबू वर गेला आणि आम्ही निजामाच्या मुलखात शिरलो.

तुळजापूरचा घाट चढेपर्यंत तो गोड आवाज विरत गेला. वर पोचलो तेव्हा जात्यात ज्वारीऐवजी खडे घातल्यासारखी खडखड सुरू झाली होती. धाराशिवला आल्यावर ओळखीच्या एका मिस्तरीला घेऊन यांनी गिअरची पेटी उघडली. आत हात घातला तर मूठभर काळा, तेलकट लगदा निघाला. पुन्हा घातला, पुन्हा लगदा.

"भुसा हाय, लाकडाचा," मिस्तरी म्हणाला. "दात झिजले की आवाज दाबायला भरतेत. जळाला की बोंबलाया लागतंय. आन् मागं जायचं चाकच न्हाई हितं. काढून घेतलंय कुणीतरी."

"दुसरं मिळंल?"

"लढाई संपल्यावर बघा."

हे तसेच जमिनीवर बसून राहिले, कोपरापर्यंत हात काळे. आत्याबाई जवळ आल्या, लगद्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आपुन गोधडीत चिंध्या भरतो तसंच केलंय की रं. शिंप्याला शिंप्यानंच फसवलंय."

आधी मला हसू फुटलं. मग मिस्तरी हसला, आणि शेवटी हेसुद्धा. हसता हसता यांनी डोळे पुसले तर तोंडभर काजळ झालं, मग आम्हाला आवरेचना. दलाल नंतर सोलापुरात सापडला नाही, आणि यांनी त्याचा फार शोधही घेतला नाही. पेटी धुतली, चांगलं तेल भरलं. आवाज मोठा झाला, पण चाकं फिरत राहिली.

मागं जाता येत नाही हे एकदा धरून चालल्यावर आमचं बरं चाललं. गावाबाहेर मोटार थांबवायची, आत्याबाईंनी पायी पुढं जाऊन रस्ता बघून यायचा. मोटार वळेल एवढी जागा कुठं आहे, हे विचारायला त्या घराघरांत शिरायच्या. परत येताना रस्त्याची माहिती असायचीच, शिवाय कुणाच्या लेकीचं लग्न ठरलंय, कुणाला पोलकी हवीत, हेही कळलेलं असायचं. बाजार भरायच्या आधीच आमच्याकडं काम यायचं. सकाळी आत्याबाई गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बाकावर पूजा करायच्या, मी पंखा फिरवून कोळसा फुलवायची आणि खालच्या निखाऱ्यांत दोन वांगी सारून द्यायची. मोटार निघायला तयार होई तोवर भरीत तयार. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा मी जुन्या मोटेचं चामडं कापून, आरीनं दुहेरी टाके घालून नवा शिवला. ह्यांच्या कुठल्याही सदऱ्यापेक्षा तो जास्त टिकला.

ईट गावात मात्र आत्याबाईंचा अंदाज चुकला. गल्लीच्या शेवटी मोठा चौक आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चौक होता, पण त्याच्या मधोमध पार आणि लिंबाची झाडं. मोटार आत गेली आणि अडकली. वळायला जागा नाही, मागं जायला गिअर नाही. बाहेर जायला गल्ली चढाची, त्यामुळं माणसांनी ढकलूनही ती वर सरकेना.

"ऱ्हावा की हितंच," समोरच्या घरातली बाई म्हणाली. "माझ्या लेकीचं लगीन हाय. समदी कापडं तुमीच शिवा."

आम्ही राहिलो. ती सगळी लग्नसराई आम्ही त्या चौकात काढली. सकाळी बाया पाणी भरून द्यायच्या, दुपारी शिवायला कापड घेऊन यायच्या आणि बाकावर बसून नवरीच्या सासरची चौकशी करायच्या. एकदा नवरीची आत्या माप द्यायला आत आली. जाडजूड बाई. दोन पावलं टाकली आणि कर्रकन आवाज होऊन तिचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. नव्या पत्र्याखालच्या फळ्या पार कुजलेल्या होत्या.

"लोखंड हाय म्हणला हुता मुडदा," आत्याबाई म्हणाल्या.

बाईला लागलं नव्हतं. तिला वर ओढताना नवरीची आई धरून आम्ही चौघी एकमेकींवर पडलो. संध्याकाळी नवरीच्या बापानं मोडक्या बैलगाडीच्या तळाच्या, साटीच्या फळ्या आणून दिल्या आणि दोन दिवसांत यांनी नवी जमीन ठोकली. तिच्यावर चाललं की घरात चालल्यासारखं वाटायचं.

लग्नाच्या दिवशी नवरीनं हट्ट धरला की वरात मोटारीतूनच निघाली पाहिजे. बाप म्हणाला, "बाई, ती मोटार हितनं हलत न्हाई."

"मंग बैलं जुपा."

तशी बैलं जुंपली, पण मोटारीच्या मागल्या अंगाला, कारण बाहेर जायची वाट तीच होती. नवरा-नवरी बाकावर बसली. हे चक्र धरून, मान मागं वळवून बसले, मी शेजारी. आत्याबाई पुढच्या मडगार्डला धरून चालत होत्या आणि ह्यांना डावं-उजवं सांगत होत्या. हलगी सुरू झाली, बैलांनी ओढ घेतली आणि आमची मोटार गल्लीतून उलटी वर चढू लागली. दोन्हीकडच्या ओट्यांवर माणसं उभी. एक म्हातारा आपल्या बायकोला म्हणाला, "बघ, वरात माघारी चालली." नवरी हसून हसून गुंतलेल्या मुंडावळ्या सोडवत होती. मारुतीपाशी रस्ता रुंद झाला, तिथं बैलं सोडली. यांनी हँडल मारलं आणि वरात सरळ तोंडानं जानवश्याला गेली. पुढं कितीतरी गावांत आम्ही "उलट्या वरातीचे शिंपी" म्हणूनच ओळखले जाऊ लागलो.

मोटार थांबली ती मुरुममध्ये, आत्याबाईंच्या माहेरच्या रस्त्यावर. इंजिनाच्या अंगाला एक लांब चीर होती. कुणीतरी ती काचा बसवायच्या लुकणानं बुजवून वर रंग दिला होता. ते लुकण एके दिवशी सुटलं आणि सगळं पाणी रस्त्यावर सांडलं. यांनी चिरेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता मात्र हिला पुरं झालं." इंजिन उतरवून विकलं. चाकं काढून मोटार दगडांवर ठेवली आणि पुढं पत्र्याचं छप्पर घातलं. मुरुमचा बाजार मोठा, गिऱ्हाईक कमी पडलं नाही.

माझी मोठी मुलगी तिथंच झाली. ती बाकाला धरून उभी राहायला शिकली. एका दुपारी तिनं बाक सोडला आणि मशीनपर्यंत एकटी चालत आली. आत्याबाई दाराच्या पायरीवर बसून कानडीत "बा, बा", म्हणजे ये, ये, म्हणून तिला बोलावू लागल्या. ती वळली, आजीकडं गेली, तिथून बापाकडं, पुन्हा माझ्याकडं. यांनी पायाखालचं मशीन थांबवलं. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही आम्ही बसवून घेतलं. संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कुणी सुईत दोरा ओवला नाही.