पहिला घड नेण्याचा मान

आमच्याकडे केळीचा पहिला घड उतरला की तो आधी चर्चच्या फादरच्या घरी जातो, आणि नेतं घरातलं शाळकरी पोर. मी नेला, माझ्या मुलाने नेला. तो मान. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण या मानाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेतलं नाही.

गेल्या वर्षी नातू म्हणाला, "मी नाही जाणार." दहा वर्षांचा. मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वेदीवर फादरच्या हाताशी सेवा करणारा.

सून नालासोपाऱ्याला शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बाबा, का नाही म्हणतो ते विचारा तरी."

"तुझी शाळा तिकडे," मी म्हटलं, आणि घड खांद्यावर टाकून, पोराचं मनगट धरून निघालो.

फादरच्या फाटकाशी त्याने गज धरले. मी एकेक बोट सोडवलं. पोर रडत नव्हतं. रडलं असतं तर मी ओढलंच असतं. नुसतं पांढरं पडलं होतं. मग मलाच पुढे जाववेना. घडासकट त्याला घेऊन घरी परतलो.

संध्याकाळी त्याने आईला सांगितलं. मी ओटीवरून ऐकलं. प्रार्थना शिकवायच्या निमित्ताने फादर त्याला खोलीत थांबवून घ्यायचे आणि करू नये ते करायचे. बोललास तर आईबापाला पाप लागेल, अशी भीती घालायचे. याहून जास्त मी लिहिणार नाही.

मुलाचा आणि सुनेचा लगेच विश्वास बसला. माझा नाही. दोन दिवस मी पोराशी बोललो नाही, आणि ते जेवताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचं.

तिसऱ्या दिवशी कुणकुण लागून गावातले दोघे आले, माझ्याच वयाचे.

"अरे, पोरं काहीपण बोलतात. वर सांगू, फादरची बदली होईल. गावाची अब्रू राहील."

"बदली कुठे?"

"जाईल दुसऱ्या गावात."

"तिथे पोरं नाहीत काय?"

त्यावर एकजण म्हणाला, "पोलिसात गेलास तर तुझ्या मयताला कोण येईल?"

"नका येऊ. मी काय उठून बघणार आहे?"

त्या दोघांना मी पुरता दोष देत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला फादरकडे, शाळेसाठी चिठ्ठी फादरची, भावाभावांचं भांडण फादर मिटवणार, शेवटची मातीही तेच देणार. इतकं सगळं एका माणसाच्या हातात दिलं की त्याच्यापुढे मान खालीच जाते. त्याला विचारायचं कुणी? पोराला गप्प करणं सोपं. मीही तेच करत होतो, आणि त्या दोघांच्या तोंडून ऐकल्यावर मला ते कळलं.

मुलाने तक्रार दिली. साध्या कपड्यांतल्या पोलीस बाई घरी आल्या. पोराचं आईजवळ बसून सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला कधी वाटलं का, मुलगा खोटं बोलतोय?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणालो असतो तर तिने खोडून काढलं नसतं.

"वाटलं," मी म्हटलं. "दोन दिवस वाटलं. चूक माझी. लिहा."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. नातू दारात उभा होता. त्याने आईला हळूच विचारलं, "आता आजोबांना खरं वाटतं?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी उठून त्याच्याजवळ गेलो.