दुसऱ्याच्या हातचं

गल्लीतलं पहिलं कुत्रं मेलं ते शांतव्वाचं. पाय ताठ, आणि भाकरीचा तुकडा अजून दातात अडकलेला. लोक म्हणाले, काहीतरी खाल्लं असंल. त्याच आठवड्यात मागच्या बोळात आणखी दोन पडली, तेव्हा भाकरीत विष आहे हे सगळ्यांना कळलं आणि सगळे गप्प बसले. गप्प बसायला आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

आक्काताईनं मात्र घरी जाऊन आधी आपल्या कुत्र्याचं तोंड उघडून बघितलं. तिचा तांबू कुणाच्याही हातचं खायचा, आणि हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

आक्काताई लक्ष्मीपुरीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. नवरा आबा जिवंत होता तोवर कमरेचा पट्टा काढायला त्याला निमित्त लागायचं नाही. तो गेल्यावर तिनं पट्टा चुलीत घातला. दिवसभर घराला कातड्याचा वास येत होता. "ह्या घरात आता कुणी कुणावर हात उचलायचा न्हाय," एवढंच ती बोलली.

सत्त्याण्णव साली बाजारातनं एक तांबडं पिल्लू तिच्या पाटीमागं आलं. ओरडून ते काही ऐकेना. पण आपणहून खाली बसलं आणि तेवढ्यात बोंबलाचा तुकडा मिळाला, की दुसऱ्या वेळी ते स्वतःच बसायचं. आक्काताईनं हेच धरलं. चुकलं तर शिवी नाही, लाथ नाही, फक्त तुकडा नाही. बरोबर केलं की तिथल्या तिथं तुकडा आणि "शाब्बास रं!"

हे कुत्रं पोरांना चावंल, अशी कुरकुर सुरू व्हायच्या आत तिनं घरोघरी बोंबलाचे तुकडे वाटले. "'बस' म्हणा. बसला की द्या." गल्लीला खेळच झाला. येणारा-जाणारा 'बस' म्हणायचा, तांबू बसायचा. माणसाचा हात म्हणजे खाऊ, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. तिला त्याचा केवढा अभिमान!

या खेळात नव्हता तो एकटा गुंडूआण्णा. गल्लीच्या तोंडाला त्याचा म्हशींचा गोठा. सगळ्यांच्या घरात दूध त्याचंच. गळ्यात तुळशीची माळ. आक्काताईची पाटी दारावरनं गेली की नाकाला उपरणं लावायचा. तिच्या पातेल्यात दूध घालताना भांड्याला भांडं लागू द्यायचा नाही, वरनं धार धरायचा.

उन्हाळ्यात भटक्या कुत्र्यांनी त्याचं रेडकू फाडलं. गोठ्याच्या दारात उभा राहून तो ओरडला होता, "एक ठिवत न्हाय आता!"

"माझा तांबू घरात हुता, आण्णा," आक्काताई म्हणाली.

"कुत्रं ते कुत्रंच."

त्यानंतर भाकरीचे तुकडे गल्लीत पडायला लागले.

तांबूला बांधून घालावं, तर ती दिवसभर बाजारात. बांधलेल्या कुत्र्यापुढं भाकरी टाकायला कितीसा वेळ लागतो? शेजारची रूपाली म्हणाली, "आक्का, भाकरीला तोंड लावलं की एक सणसणीत ठिवून द्या. दोन दिसांत शिकतंय."

"आबानं मला जलमभर ठिवून दिल्या. काय शिकले गं मी? मार चुकवायला. ह्यो बी तेवढंच शिकंल. माझ्या माघारी खाईल."

मग शिकवलेलं उलटं शिकवायला ती बसली. रूपालीनं मुठीत भाकरी धरायची. तांबू नाक खुपसायचा, पंजा मारायचा, कुईंकुईं करायचा. मूठ बंद. आक्काताई लांब बसून वाट बघायची. कंटाळून एकदा त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. "शाब्बास रं!" आणि बोंबील. पुढं उघड्या हातावरची भाकरी, मग वाटेत पडलेली. दुसऱ्याच्या हातचं दिसलं की आधी आक्काकडं बघायचं, तिच्याकडं जायचं, आणि खायचं ते तिच्या हातचं.

गोठ्याच्या दारातनं आण्णा हे सगळं बघायचा. एकदा हसून म्हणाला, "भाकरीला शिवत न्हाय व्हय आता?"

"न्हाय की!" तिला ताठा आवरला नाही.

"आन् बोंबलाला?"

"बोंबलावर तर जीव हाय त्येचा," ती बोलून गेली, आणि तांबूला घेऊन लगेच आत वळली.

रविवारी बाजार उठवून ती गल्लीच्या तोंडाशी आली. गोठ्यापुढं आण्णा उकिडवा बसलेला. समोर तांबू.

"बस," आण्णा म्हणाला.

तांबू बसला. आण्णाच्या चिमटीत बोंबील होता.

ओरडावं, तर ती त्याच्यावर कधी ओरडलीच नव्हती. बिथरून त्यानं बोंबील गिळला तर? धावावं, तर तोवर घास पोटात. तांबूच्या जबड्यातनं लाळेची तार लोंबत होती. नाक बोंबलाला लागायला आलेलं. रूपाली दारात उभी होती, पदर तोंडात धरून.

तांबूनं मान वळवली. इकडं शोधलं, तिकडं शोधलं. ती दिसली.

"शाब्बास रं," आक्काताई म्हणाली. "ये हिकडं."

तो धावत आला. पाटीच्या तळाचा चुरा तिनं तळहातावर घेतला, तो त्यानं चाटून पुसून खाल्ला. मग ती पुढं झाली.

"आण्णा, आज उपरणं न्हाय नाकाला? गळ्यात माळ आन् हातात बोंबील?"

"वाटंत पडल्याला गावला."

"मग द्या की माझ्याकडं. बघू."

आण्णानं बोंबील कागदात गुंडाळला आणि सावकाश खिशात घातला. रूपालीनं दार लावून घेतलं. पाठोपाठ आणखी दोन दारं लागली. सगळ्यांनी बघितलं होतं, आणि उद्या सगळ्यांना दूध पाहिजे होतं.

सकाळी रोजच्या वेळेला हाक आली. "आक्काताई, दूध!"

तिनं पातेलं पुढं केलं. आज आण्णानं वरनं धार धरली नाही. पातेल्याच्या काठाला माप टेकवून त्यानं हळूच दूध ओतलं.

"पैल्या धारंचं हाय. मुद्दाम आणलंय तुमच्यासाठनं," तो हसून म्हणाला, आणि गेला.

तांबू पातेल्याजवळ आला, वास घेतला, आणि शिकवल्याप्रमाणं मान वळवून तिच्याकडं बघत बसला.

आक्काताईनं कुणाकडं बघायचं?