कचेरीतली तसबीर आणि चेवेची आई

सरोवराकाठच्या आमच्या साम्फ्यात तसबिरींच्या चौकटी कराव्यात त्या चेवेच्या आईनेच. तिचं खरं नाव न्कांडू. पण थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारायची आमची रीत, त्यामुळे ते नाव कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. तिचे वडील सुतार. १९६४ साली झांबिया स्वतंत्र झाला, तेव्हा सरकारी कचेरीसाठी त्यांनी मुकवाच्या लाकडाची भक्कम चौकट केली आणि तिच्यात पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा, कौंडांचा फोटो बसवला. काच पुसून दिली ती चौदा वर्षांच्या न्कांडूने. पुढे वडिलांची काच कापायची हिरकणी तिच्याकडे आली, आणि त्या चौकटीची देखभालही.

सत्तावीस वर्षं त्या भिंतीवर एकच चेहरा होता. १९९१ साली निवडणुकीत सरकार बदललं आणि कचेरीतला शिपाई चौकट डोक्यावर घेऊन धावतच तिच्या अंगणात आला. "चेवेच्या आई, नवा फोटो आलाय! बदल लवकर!"

"मास्तर, खरंच बदलायचा का, म्हणून मी दोनदा विचारलं," ती मला सांगायची. "भिंतीवरचा माणूस बदलतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं हो!"

मी तिचा शेजारी, इथल्या शाळेत शिकवतो. त्यानंतरचा प्रत्येक बदल तिने केला. दोन राष्ट्राध्यक्ष तर पदावर असतानाच गेले. तेव्हा डोळे पुसत पुसत तिने चौकटीमागच्या चुका उपटल्या होत्या.

२०२१ च्या ऑगस्टात पुन्हा सत्तापालट झाला. नवा फोटो लागला. ऑक्टोबरात, स्वातंत्र्यदिनाला पाच दिवस उरले असताना, सरोवरावरून असा सोसाट्याचा वारा आला की कचेरीतली तसबीर खाली आपटली. काच फुटली, फोटो तिरका झाला, आणि त्याच्यामागून हरलेले राष्ट्राध्यक्ष डोकावू लागले!

जिंकलेल्या पक्षाचा आमच्या भागातला चिटणीस कासोंदे, तिशीतला, भलताच उत्साही गडी. चौकट काखोटीला मारून तो तणतणत तिच्या अंगणात आला. मागे निम्मा बाजार. मासे वाळत घालणाऱ्या बायासुद्धा हात न धुताच धावल्या.

"हे काय आहे, आजी? आमच्या माणसाच्या पाठीमागे त्यांचा माणूस? निवडणूक आम्ही जिंकलोय ना?"

"जिंकलात की. म्हणून तर तुमचे पुढे आहेत."

लोक खो खो हसले. कासोंदे आणखी तापला. "कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला? नाव सांगा!"

"काचेने! मागे काही घातलं नाही तर खडखडते ती. पुठ्ठा कुठे मिळतो इथे? आणि वर्षानुवर्षं ज्यांच्या तोंडावरची धूळ पुसली, त्यांना चुलीत घालू होय रे? थांबलास कशाला, अजून मागे बघ."

त्याने हरलेल्यांचा फोटो उचलला. खाली साटा! "नागराज! नागराज!" पोरांनी एकच गिल्ला केला, त्यांना लोक याच नावाने ओळखत. त्याखाली बांडा. त्याखाली म्वानावासा. एक म्हातारी हळहळली, "बिचारे, अर्ध्यातच गेले हो." मग चिलुबा. "यांच्या वेळी दुकानात साबण दिसला!" कुणीतरी ओरडलं. "आणि खाणीतली माझी नोकरी गेली!" दुसरा तितक्याच जोरात. तिथेच दोघांची जुंपली. आता गर्दीच मोजत होती. कासोंदेच्या कपाळाला घाम, पण त्याचाही राग कुठल्या कुठे पळाला होता. पुढचं कोण, म्हणून तोच अधीर झाला होता.

सगळ्यात तळाशी, कडा पिवळ्या पडलेले, कौंडा. जूनमध्येच ते वारले होते. मग एका बाईने जीभ हलवत उलुलु केलं आणि सगळं अंगण दणाणलं.

"सात!" कासोंदे ओरडला. "आजी, सातही जण! पण साटा गेल्यावरचे ते तीन महिन्यांचे हंगामी राष्ट्राध्यक्ष?"

"त्यांचा फोटो माझ्याकडे आला असता तर त्यांनाही ठेवलं असतं!"

"मग स्वातंत्र्यदिनाला सगळे लावू या. शाळेच्या भिंतीवर, ओळीने. जमेल?"

"पाच दिवसांत सात काचा? मला काय चार हात आहेत?" असं म्हणतानाच तिची नजर फळ्या शोधायला लागली होती.

जमलं. जुनी चौकट दुरुस्त झाली आणि सहा नव्या झाल्या. कासोंदेने स्वतः रंधा मारला, अंगठा सोलून घेतला आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. चोवीस तारखेला सकाळी तो शिडीवर, तोंडात चुका, आणि खालून ती: "डावीकडे! अरे, कौंडा वाकडे झाले! सरळ कर!" माझी पोरं एकेक नाव घेत होती, पालक टाळ्या पिटत होते. ढोल सुरू झाला तशी एकाहत्तर वर्षांची चेवेची आई बायांच्या रिंगणात शिरली आणि डोक्याचं फडकं सुटून पडेपर्यंत नाचली.