सासूबाईंची सर्दी आणि समैस्माजवळची निलगिरी

रविवारी सासूबाईंचं मुंबईचं विमान, आणि गुरुवारी त्यांचं नाक चोंदलेलं. मागे सर्दीत विमानात बसल्या तेव्हा कान असे ठणकले होते की त्यांनी धसकाच घेतलाय. फार्मसीतलं निलगिरीचं तेल त्यांनी हुंगून बाजूला ठेवलं. "ह्यात दम नाय. वाफेला पाला आण."

इथे कतारमध्ये, दोह्यात, निलगिरीचा पाला कुठून आणणार? मी हॉस्पिटलच्या वॉर्डात रडगाणं गायले, तर माझ्यासोबतची ऑस्ट्रेलियन नर्स हेलन म्हणाली, "मला माहितीये कुठे मिळेल."

शुक्रवारी सकाळी सातला तिच्या गाडीतून आम्ही तिघी निघालो. अल खोरच्या रस्त्याने समैस्मा, पाऊण तास. वाटेतल्या टपरीवर कडक चहा घ्याच. हॉर्न दिला की कप गाडीत येतो. पुढे आत वळलं की एक शेत लागतं. हिवाळ्यात तिथे शुक्रवारी ताजी भाजी विकतात. उन्हाळ्यात जायचा विचारही नको.

कुंपणाला लागून उंच निलगिरींची रांग होती. सासूबाई खूश. "ही तर आमची उटीची झाडं!"

मी भाषांतर केलं. हेलन दचकली. "उटीची? ही आमची! आमच्याकडूनच सगळीकडे गेली."

"तिला सांग, मी हनिमूनला बघितलीयत."

शेत सांभाळणारे राजस्थानचे रमजानभाई हसले. "झगड़ा क्यों? पेड़ मेरा है, पानी मैंने पिलाया."

रोपं होती तेव्हा पाणी घातलं, आता फारसं लागत नाही, म्हणाले. वाळूचा वारा ही झाडं अडवतात, म्हणून मागे टोमॅटो टिकतात. छाटलेल्या फांद्या वेलांच्या आधाराला, फुलोरा मधमाश्यांना. त्यांनी पिशवीभर पाला दिला. पैसे घेईनात, मग आम्ही टोमॅटोची पेटी घेतली.

हेलनने एक पान चुरगळून हुंगलं. मग म्हणाली, "डॅडींच्या शेतावर असाच वास यायचा. ते गेल्यापासून मी घरी गेलेच नाही. सहा वर्षं झाली."

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय झालं तिला?" मी सांगितलं. "आई आहे का तिची?"

"आहे. एकटी असते."

"मग ही इथे पाला काय हुंगत बसलीय? म्हणावं, घरी जा!"

मी जरा गोड करून सांगितलं. हेलन डोळे पुसत हसली. "एवढंच म्हणाल्या? आवाज तर रागावल्यासारखा होता."

संध्याकाळी आमच्या किचनमध्ये सासूबाईंनी आणि हेलनने आळीपाळीने टॉवेलखाली वाफ घेतली. रविवारी सासूबाई मुंबईत उतरल्या, कान शाबूत.

आणि हेलनने महिनाभराची रजा टाकली. तिच्या अर्ध्या ड्यूट्या माझ्या गळ्यात पडल्यात. या ट्रिपचा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तेवढ्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.