तरवडाला पाणी

अंगणात हौसेनं लावलेला तरवड पिवळा पडलाय, म्हणून मी रोज पाणी वाढवतोय. आज बुंध्याशी कुजका वास आला आणि सणसरचा आमचा माळ आठवला.

तिथं पहिला ऊस लावायचा होता. वडील तरवडाची झुडपं खणून काढत होते. शेवटच्या, फुलांनी भरलेल्या झुडपापुढं आई उभी राहिली.

"सरक, हितं ऊस यायचा हाय," वडील म्हणाले.

"एवढं ऱ्हाऊ द्या. त्यानं कधी पानी मागितलंय व्हय?"

वडिलांनी ते राहू दिलं. मग उसाचं पाणी त्याच्या मुळाशी साचत गेलं आणि झुडूप उभ्या उभ्या कुजलं.

वडिलांनी आईचं ऐकलं होतं, की नव्हतं? मला अजून ठरवता येत नाही. पाइप मात्र माझ्या हातात आहे, आणि नळ चालूच आहे.