भिंतीपलीकडचं गिलकं

नव्वदच्या आसपास पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत देशी भाज्यांचं बियाणं जतन करणारं मंडळ निघालं. अध्यक्ष माझे साहेबच असल्यामुळे मला बियाण्यांची अचानक गोडी लागली. गिलकं, म्हणजे घोसाळं, आणि दोडकं यातला फरक तोवर मला ताटात पडल्याशिवाय कळत नसे.

सभासदानं घरचं एक जुनं बियाणं द्यायचं, असा नियम होता. भडगावची शेती सुटल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा माहेरच्या वाणाची दोन वाळली गिलकी घेऊन आली होती. एक तिनं शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोला अंग घासायला दिलं, दुसरं बियांसाठी ठेवलं. हे गिलकं झुमक्यानं लागायचं, असं ती अभिमानानं सांगायची. वाटीभर साखर उसनी देतानाही चौकश्या करणारी आई मंडळाच्या नावाला भुलली.

"बठ्ठं बी दी टाक," ती म्हणाली. "फक्त मन्हं नाव लिखा म्हणा."

घरातलं सगळं बी दिलं, नाव लिहिलं गेलं. बरणी काचेच्या कपाटात गेली, आणि कपाट येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून मंडळाच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीत. जळगावचे दोन उन्हाळे त्या बरणीनं तिथेच काढले. पेरणीचा विषय दर सभेत चहा येईपर्यंत टिकायचा. आई मात्र देवळातून येताना खिडकीपाशी थांबून आपलं नाव बघून यायची.

तिसऱ्या वर्षी एकदाची पेरणी झाली. एकही बी उगवलं नाही. मंडळानं दुखवट्याचा ठराव एकमतानं मंजूर केला. आई त्या दिवशी जेवली नाही. तिचं माहेर मी बरणीत घालून भाजलं होतं, मला तिच्याकडे बघवेना.

पुढे तिचं तोंड उघडलं ते भांडायला. पिंजारणीच्या मोरीवरचा वेल आमच्या भिंतीवर चढला होता. फळं त्यांच्या बाजूला आणि पाला आमच्या अंगणात, हे आईचं खरं दुखणं. "वेल काढा" म्हणून तिनं एवढा धोशा लावला, की पिंजारणीनं वैतागून भिंतीवरचा वेल ओढला. ओढाताणीत एक झुमका आमच्या अंगणात पडला.

आईनं तो उचलला, उलटसुलट करून बघितला.

"हाई तं मन्हं गिलकं शे!" ती मला हळूच म्हणाली आणि भिंतीकडे धावली. "राहू द्या बाई, काढू नका!"

वेलाचा बुंधा शाबूत होता. पिंजारणीनं अंग घासण्याआधी बिया मोरीपाशी झटकल्या असणार, आणि नंतर ते विसरूनही गेली असणार.

हिवाळ्यात पिंजारणीनं भिंतीवरून एक वाळलं गिलकं पुढे केलं.

"हमारे घर का पुराना बीज है, अक्का. संभालके रखना. सबको नहीं देती मैं."

आईचे ओठ हलले. आता भांडण पेटणार म्हणून मी पुढे झालो. पण आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि पदराखाली धरलं.

"हो माय," ती म्हणाली, "तुमनंच शे."