एकाच मापाची डिस्क

उघडं मशीन दिसलं की भाऊंचा हात खिशात जाई. आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे बाहेर येत. एक पत्त्याच्या पानाहून जरा मोठा, दुसरा च्युइंगगमच्या पट्टीएवढा, तिसरा त्या पट्टीच्या निम्म्याहून आखूड. एसएसडी डिस्कची ही मापं. तुकडे आत ठेवून भाऊ म्हणत, "बसतंय खरं. पण पटत नाय."

आमच्या रत्नागिरीच्या वृत्तपत्र कचेरीतले संगणक ते सांभाळत. खारी हवा मशीन कशी खाते, हे तुम्हीही पाहिलं असेल. मशीन मेलं की डिस्क काढायची, दुसऱ्यात लावायची आणि पान वेळेत छपाईला सोडायचं, ही भाऊंची पद्धत. त्यासाठी सगळीकडे एकच माप हवं. ते ठरवायला मालकांनी त्यांनाच सांगितलं होतं. नाही ठरलं, तर काम मुंबईच्या कंपनीकडे जाणार होतं.

भाऊंनी आधी मोठं माप धरलं. नव्या लॅपटॉपांत त्याला जागाच नव्हती. मग मधलं. लांज्याच्या वार्ताहर बाईंनी आपला चिमुकला लॅपटॉप पुढे केला. पट्टी बाहेर आली.

"भाऊ, उरलेली कापून टाका."

"तुमची बातमी कापतात तशी? बातमी कापली तर तुम्ही रडता. ही मरेल."

मग आखूड. जोडपट्टी लावून ती सगळीकडे बसली. भाऊ दुपारभर खुशीत होते. संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले.

"तापते रे. मे महिन्यात काय करील?"

"भाऊ, आता ठरवून टाका."

"ठरवतो. एकदा पालीच्या वार्ताहराचं मशीन बघून येतो."

पालीला गेले, तिथून लांज्याला. परतले ते पुन्हा मोठ्या मापावर.

तोवर मुंबईच्या कंपनीकडून नव्या लॅपटॉपची खोकी आली. भाऊंनी एक उघडला. आत काढण्यासारखी डिस्क नव्हतीच. साठवणीची चिप मदरबोर्डलाच सोल्डरचा डाख देऊन कायमची बसवलेली. त्यांनी नखाने तिची कड चाचपली.

"हा मेला तर?"

"मुंबईला पाठवायचा," मी म्हणालो.

"आणि त्या दिवसाचं पान?"

भाऊंनी एकेक स्क्रू परत आवळला. महिनाअखेरीस काम मुंबईच्या कंपनीकडे गेलं, भाऊंचं बंद झालं.

पावसाळ्यात त्या नव्या लॅपटॉपांतला पहिला बंद पडला. पान अर्धं लागलं होतं. आम्ही सगळे एकदम भाऊंच्या टेबलाकडे वळलो. तिथं आता पाण्याचे जार ठेवतात.